मूठमूठ तांदळाची खाट

माझं अंग फणसाच्या लाकडाचं आहे, मित्रांनो, आणि वय साठीच्या पुढचं. जातीनं मी खाट. पण माझ्यावर कुणी दुपारची डुलकी काढत नाही की पाहुण्याला बसा म्हणत नाही. दक्षिणेकडच्या चेरियकडव गावातलं कुणी मुसलमान माणूस गेलं, म्हणजे त्याला घरापासून मशिदीपर्यंत आणि मशिदीपासून कबरस्तानापर्यंत मी नेते. गावात मला 'मय्यतची खाट' म्हणतात. नाव ऐकून दचकू नका. मी आजवर कुणाला बोलावून आणलेलं नाही. ज्यांचं बोलावणं आलं, त्यांना फक्त सांभाळून पोचवलं.

मी जन्माला आले ती बिय्यातूमुळं. तेव्हा मी मशिदीच्या आवारात फणसाचं झाड म्हणून उभी होते. बायका माझ्या सावलीत थांबून बोलत, म्हणून हे सारं मला ठाऊक आहे.

बिय्यातू चोवीस वर्षांची होती. नदीकाठी कुजत घातलेली नारळाची सोडणं कुटायची आणि काथ्या वळायचा, हे तिचं काम. नवरा मम्मद तरीवर होडी वल्हवायचा. एका वर्षी तापानं तो तीन दिवसांत गेला. गावाजवळ स्वतःची खाट नव्हती. नदीपलीकडच्या मोठ्या मशिदीत एक होती. ती भाड्यानं मिळे, आणि तीही तिथल्या बड्या घराण्याची परवानगी घेऊन. त्या दिवसांत नदीला पूर होता. परवानगी, होडी, भाडं, कफनाचं कापड, सगळं जमवता जमवता मम्मद दीड दिवस घरातच पडून राहिला. आमच्यात मय्यत ताटकळत ठेवत नाहीत. होईल तितक्या लवकर मातीआड करायची असते. बिय्यातूच्या कानांच्या पाळ्यांवर ओळीनं सात सात भोकं होती आणि त्यांत लग्नातल्या सोन्याच्या बाळ्या होत्या. त्या एकेक करून निघाल्या. मम्मदला माती मिळाली, तेव्हा तिच्या कानांत काही उरलं नव्हतं.

रिवाजाप्रमाणे चार महिने दहा दिवस ती घरात बसली. त्यानंतर बाहेर पडली, ती मडकं घेऊनच.

“रोज भात टाकण्याआधी एक मूठ तांदूळ बाजूला काढा,” ती दारोदार सांगू लागली. “आठवड्यानं मी येऊन नेईन. त्यातून गावाची खाट करू. कापड, कापूर, कबरीवर घालायचे चिरे, सगळं त्यातूनच. मग कुणा बाईला कानातलं काढायची वेळ येणार नाही.”

“चुलीशेजारी मरणाचं मडकं?” एका शेजारणीनं तोंड वाकडं केलं. “दुसरं काही सुचलं नाही का गं तुला?”

“मडक्यात तांदूळ आहे, मरण नाही. मरण यायचं तेव्हा येणारच. जाताना घर धुऊन नेऊ नये, एवढंच मी बघतेय.”

“आमच्या तर हंडीतच मूठभर असतो,” दुसरी एक जण म्हणाली.

“मग चिमूटभर घाल. पण घाल. म्हणजे ते तुझंही होईल.”

अशी दोन वर्षं गेली. कधी मडकं भरून येई, कधी तळाशी खुळखुळत. दुसऱ्या वर्षी वादळात मी मुळासकट आडवी झाले. मशिदीच्या उस्तादांनी, म्हणजे नमाज पढवणाऱ्या गुरुजींनी, बिय्यातूला निरोप धाडला, की लाकडाची सोय अल्लानंच केली, आता सुतार तेवढा बघ.

सुतार होता वेलायुधन आशारी. देवळांच्या कमानी घडवणारा नामांकित माणूस. त्यानं माझ्या फळ्या काढल्या, उन्हात वाळवल्या आणि मग मापाचा प्रश्न आला. गावात सर्वांत उंच होता मासे विकणारा मरक्कार. आशारीनं त्यालाच बोलावून जमिनीवर आडवं केलं आणि दोरी लावली.

“वेलायुधा, लवकर आटप,” मरक्कार डोळे मिटून म्हणाला. “बायको इकडून गेली तर रडायलाच बसेल.”

“हलू नकोस. मेलेली माणसं बोलतात का?”

“मग माप चुकलं तर तक्रार कोण करणार?”

आशारी हसला नाही. दोरी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, “म्हणूनच काम चोख पाहिजे. यावर जो निजेल, तो बरंवाईट सांगायला उठायचा नाही.”

एकही खिळा न ठोकता त्यानं मला जोडलं. चार पाय, चार दांडे, आणि बाजूंना हातभर उंचीचा कठडा, उतारावरून नेताना कुणी घसरू नये म्हणून. मजुरी द्यायला बिय्यातू गेली, तेव्हा त्यानं तिच्या टोपलीतले मूठभर तांदूळ पंच्याच्या टोकाला बांधून घेतले आणि टोपली तिच्याकडं सरकवली. “आज घरी याचीच पेज होईल,” म्हणाला. “झाली मजुरी.”

मित्रांनो, त्यानंतरची चाळीस वर्षं माझ्या कष्टाची आणि मानाचीही होती. किती जणांना नेलं ते मी मोजलं नाही. नेताना कुणी किती मोठा, हे कळतही नाही. होड्यांच्या मालकाचं वजन आणि त्याच होड्यांवरच्या हमालाचं वजन, माझ्या दांड्यांना सारखंच. खांदे मात्र सारखे बदलत राहायचे. दहा पावलं एकानं द्यायची आणि मागच्याला जागा करून द्यायची. कुणी कुणाला बोलवायचं नसे, पण खांदा कधी कमी पडला नाही. मरक्कारही माझ्यावरूनच गेला. माप बरोबर निघालं.

बिय्यातू बायकांना शेवटचं नाहू घालायला शिकली. ज्या घरात बाई गेली, त्या घरी ती निरोपाची वाट न पाहता पोचायची. पाठोपाठ मडक्यातून आणलेलं कापड, कापूर, बोराचा वाळलेला पाला आणि अत्तराची कुपी पोचायची. घरच्यांनी फक्त रडायचं, बाकीचं गावानं पाहायचं. तीन दिवस त्या घराची चूल पेटायची नाही, कारण शेजारचे डबे यायचे. मला आणून धुतलं जाई, उन्हात वाळवलं जाई आणि वाळवी लागू नये म्हणून वर्षातून एकदा काजूच्या टरफलाचं तेल पुसलं जाई. मशिदीच्या ओसरीवर माझी जागा ठरलेली होती. मुलं माझ्याकडं बघायला भ्यायची, म्हातारी माणसं मात्र जाता-येता माझ्या कठड्यावर हात ठेवायची. जणू म्हणायची, भेटू हळूहळू.

मग गावात पैसा आला. घरटी एक मुलगा आखातात गेला. कौलं जाऊन गच्च्या आल्या, मशिदीला संगमरवर आला, आणि एक दिवस आखाती मंडळींनी पाठवलेली स्टीलची नवी खाट आली. चकचकीत, घडीची, खाली चाकं. मी तिच्यावर रुसले नाही. ती हलकी होती आणि म्हाताऱ्या खांद्यांना सोयीची होती. पण मला ओसरीवरून काढून मागच्या कोठीत टाकलं, तेव्हा वाईट वाटलं. तिथं चुन्याची पोती होती, फाटक्या चटया होत्या आणि एक बिघडलेला भोंगा होता. कुणी तेल लावलं नाही. मागच्या डाव्या पायाला वाळवी लागली. एकदा उस्तादांच्या कोंबडीनं माझ्यावर अंडी घातली आणि नऊ पिल्लं निघाली. इतकी वर्षं मी लोकांना निरोप देत आले होते. पहिल्यांदाच माझ्यावर कुणी डोळे उघडले. खरं सांगते, त्या महिन्यात मला आंदण मिळाल्यासारखं वाटलं.

मूठभर तांदळाचं मडकं केव्हा बंद पडलं, कुणाला कळलंही नाही. दुकानातून निवडलेल्या तांदळाच्या पिशव्या येऊ लागल्या आणि मूठ काढायची सवय मोडली. मशिदीच्या कमिटीचा कारभारी होता अलवी हाजी. पंचवीस वर्षं आखातात राबून आलेला, हिशेबाला चोख, स्वभावानं ताठ. त्यानं कचेरीबाहेर पाटी लावली. ज्यांचं नाव गावच्या यादीत आहे आणि वर्गणी चालू आहे, त्यांनाच खाट, कबरीची जागा आणि कफनाचं सामान मिळेल.

पाटीनं कुणाचं अडलं नाही, कारण गावातली सगळी घरं यादीत होती. अडलं ते बाहेरच्यांचं.

गावाबाहेर जांभ्या दगडाची खाण आहे. तिथं चिरे कापायला बंगालातून आलेली माणसं लाईनीतल्या खोल्यांत राहतात. गाव त्यांना नावानं हाक मारत नाही, सगळ्यांना मिळून 'भाई' म्हणतं. त्यांतलाच एक शोफिकुल, मुर्शिदाबादकडचा. त्याची बायको मोर्जिना तीन वर्षांपूर्वी इथं आली होती. एका शुक्रवारी पहाटे काविळीनं जिल्ह्याच्या इस्पितळात तिनं प्राण सोडला. सकाळी नऊच्या सुमाराला तिला लाईनीत आणून ठेवलं, आणि शोफिकुल मशिदीच्या कचेरीत आला. कोठीची भिंत कचेरीला लागून आहे. मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“नाव यादीत आहे का?” अलवी हाजीनं विचारलं.

“नाही, साहेब.”

“मग मी काय करू सांग. नियम मी एकट्यानं केलेला नाही. तिला तुमच्या गावी का नेत नाहीस?”

“गाडीवाला लाखाच्या वर सांगतो. आणि तीन दिवसांचा रस्ता. तिला तीन दिवस तसंच…”

अलवी हाजी वाईट माणूस नव्हता. त्यानं खिशात हात घातला, नोटा काढल्याचा आवाज झाला. “हे घे. शहरातल्या मोठ्या कबरस्तानात ने. तिथं सगळ्यांना जागा देतात. मी फोन करून ठेवतो.”

“साहेब, शहरात ती कुणाला ओळखत नाही,” शोफिकुल म्हणाला. त्याची भाषा मोडकी होती, पण हे वाक्य त्यानं सरळ उच्चारलं. “इथं निदान रम्लादीदी आहेत.”

रम्ला म्हणजे लाईनीजवळ राहणारी शिंपीण. चाळीस-बेचाळीस वर्षांची, एकटी, शिवणयंत्रावर पोट भरणारी. मोर्जिना दुपारी तिच्याकडं बटणं लावायला येऊन बसायची. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नसे, तरी खिदळत असायच्या. रम्लाला लहानपणापासून मय्यतची धास्ती होती. कुणी गेलं, की तिथून मय्यत उठेपर्यंत ती त्या गल्लीत पाऊल टाकत नसे. पण त्या दिवशी ती रिक्षा करून थेट बिय्यातूच्या दारात गेली.

बिय्यातू आता शहाऐंशीची झाली होती. गुडघे गेले होते, नजर मात्र शाबूत. सगळं गाव तिला बिय्यातुम्मा, म्हणजे बिय्यातू-आई, म्हणायचं. अर्ध्या तासात रिक्षा मशिदीच्या दारात थांबली आणि काठीचा आवाज कोठीपर्यंत आला. मागं रम्ला, शोफिकुल आणि नमाजाच्या तयारीत असलेले उस्ताद. सगळ्यांच्या पाठोपाठ अलवी हाजी.

“उम्मा, तुम्ही कशाला आलात एवढ्या उन्हाचं?” तो म्हणाला.

“तुझी स्टीलची खाट तुझ्यापाशी ठेव,” बिय्यातुम्मा म्हणाली. “तिची किल्ली, तिची यादी, तिची बैठक, सगळं असू दे. मी आमची खाट न्यायला आलेय.”

“ही? ही तर कुजलीय.”

“कुजली असेल, पण कुठल्या यादीत नाही.”

अलवी हाजीचा आवाज चढला. “उम्मा, आज एक आहे. उद्या लाईनीतले सगळे येतील. कबरस्तान केवढं, गाव केवढं? उद्या आपल्याच माणसांना जागा उरली नाही तर मला कोण विचारणार?”

उस्ताद हळू बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, “हाजी, मय्यतला नाहू घालणं, कफन घालणं, नमाज पढणं आणि दफन करणं, ही चार कामं साऱ्या गावावरची जबाबदारी आहेत. चौघांनी केली तरी सगळे सुटतात. कुणीच केली नाहीत तर सगळे अडकतात. आणि ज्यांची नावं यादीत आहेत, ते आधी अडकतात.”

त्यावर अलवी हाजी म्हणाला ते मी कधी विसरणार नाही. तो माझ्याकडं बघत होता, पण मान वळवून, पाहवत नसल्यासारखा.

“दुसरं काहीही न्या, पण ही खाट बाहेर काढू नका. मी सात वर्षांचा होतो. माझी आई हिच्यावरून गेली. कापड मडक्यातलं, कापूर मडक्यातला. शाळेत पोरं मला म्हणायची, तुझ्या आईला गावानं भीक घालून पुरलं. मी आखातात गेलो ते एवढ्यासाठी, की माझ्या घरातलं कुणी पुन्हा भिकेवर जाऊ नये. पाटी लावली ती एवढ्यासाठी, की ज्यानं त्यानं आपलं आपण भरावं आणि मान वर ठेवावी.”

मला वीस वर्षं वाटत होतं, की मी जुनी झाले म्हणून मला कोठीत टाकलं. स्टीलची खाट धाडताना मला कोठीत टाका, असं आखातातून यानंच कळवलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं.

बिय्यातुम्मानं काठी भिंतीला टेकवली आणि चुन्याच्या पोत्यावर बसली. “अलवी, इकडं ये. तुला कुणी सांगितलं भीक म्हणून?”

“सगळे म्हणायचे.”

“सगळ्यांच्या घरी मी जात नव्हते का आठवड्याला? तुझी आई कोण, ते मला विचार. चुलीत लाकूड नसायचं, पण तिची मूठ कधी चुकली नाही. अकरा वर्षं. तू पोटात असताना एकदा मी म्हटलं, नफीसा, या आठवड्यात राहू दे, तूच खा. तर माझ्यावर उखडली. म्हणाली, ‘मला बाहेरची समजतेस का?’ त्या मडक्यातलं कफन तिला मिळालं, ते कुणी भीक घातली म्हणून नव्हे रे. त्यात तिचं होतं. तिच्या हक्काचं होतं.”

अलवी हाजीनं पहिल्यांदाच मान सरळ करून माझ्याकडं पाहिलं.

“आणि ज्यानं मूठ घातली नाही त्याला? त्याला आम्ही दिलं नाही का?” बिय्यातुम्मा उठता उठता म्हणाली. “मूठ घालणारीला हे ठाऊक असतं, की ती सगळ्यांसाठी घालतेय. तुझ्या आईनं या बंगालणीसाठीही घातली होती. तेव्हा तिला नाव ठाऊक नव्हतं, एवढंच. चला, खाट उचला.”

अलवी हाजी निघून गेला.

मला उन्हात काढलं, तेव्हा डोळे दिपल्यासारखं झालं. वेलायुधन आशारीचा मुलगा वासू निरोप मिळताच हत्यारं घेऊन आला. माझ्या चौकटीवरून हात फिरवून म्हणाला, “बापाचं काम आहे. पाय गेलाय, सांधा नाही.” वाळवीनं खाल्लेला पाय कापून त्यानं सागाचा नवा तुकडा बसवला, त्यावर लोखंडी पट्टी आवळली आणि स्वतः माझ्यावर दोन्ही हातांनी भार देऊन बघितला. मी करकरले, पण हलले नाही.

लाईनीच्या मागं साड्या बांधून आडोसा केला होता. मला बाहेर ठेवलं. आतलं मी पाहिलं नाही, पाहायचंही नसतं. पण ऐकू येत होतं. बिय्यातुम्मा खुर्चीवर बसून सांगत होती, हात रम्लाचे होते, मदतीला दोघी शेजारणी.

“उम्मा, मला भीती वाटतेय.”

“वाटू दे. हात थरथरले तरी चालतात. पाणी कोमट आहे ना? अंगाला सोसेल एवढंच हवं.”

“तिला आता काय सोसायचं?”

“जिवंत माणसाला जसा हात लावतेस तसाच लाव. दुखेल या बेतानं. हं, आधी उजवी बाजू. वरची चादर सरकता कामा नये. तिची लाज आता तुझ्या हातात आहे.”

पाण्याचा आवाज येत होता. बोराच्या पाल्याचा वास, मग कापराचा. रम्लाच्या हुंदक्यांचा आवाज हळूहळू कमी झाला.

“केसांच्या तीन वेण्या घाल,” बिय्यातुम्मा म्हणाली. “आणि आता कापड माप.”

“मापायचं कशाला, उम्मा? हिचं माप मला पाठ आहे.”

“मग काप. शिवू मात्र नकोस. या कपड्याला टाका नसतो.”

रम्ला बाहेर आली, तेव्हा तिचा चेहरा मी पाहिला. सकाळी पांढराफटक होता, आता शांत होता. बिय्यातुम्मानं तिला जवळ घेऊन कानात सांगितलं, पण मी शेजारीच होते. “आत जे दिसलं, ते बाहेर बोलायचं नाही. चेहरा उजळ दिसला असेल, तर तेवढं सांगायचं.”

“उजळ दिसत होता, उम्मा.”

शोफिकुलनं मुर्शिदाबादला फोन लावला. पलीकडं मोर्जिनाची आई रडत होती. बिय्यातुम्मानं फोन मागून घेतला, आपल्याच भाषेत एकदम बोलायला लागली आणि मग थांबून शोफिकुलकडं दिला. “तिला नीट सांग. तुमच्या लेकीला एकटीला जाऊ दिलं नाही, म्हणावं.”

मला वाटलं होतं, खांदे पंधरा-वीस मिळतील. खाणीतले लोक काम टाकून आले, अंगावर तांबडी धूळ तशीच. जुम्म्याची नमाज सुटली होती. मशिदीतून माणसं निघाली ती घरी न जाता लाईनीकडं वळली. सगळ्यांच्या पुढं अनवाणी अलवी हाजी होता. त्यानं कबरस्तानाची किल्ली उस्तादांच्या हातात दिली. मग शोफिकुलपाशी जाऊन म्हणाला, “पुढचा उजवा खांदा तुझा. डावीकडं मी आहे.”

मी उचलली गेले. वीस वर्षांनी. कलम्याच्या लयीत मी नदीकाठच्या रस्त्यानं निघाले आणि खांदे बदलत राहिले, पण पुढच्या डाव्या दांड्याखालचा खांदा अर्ध्या वाटेपर्यंत बदललाच नाही. कुणी जागा मागितली, की अलवी हाजी नुसती मान हलवायचा.

मशिदीत तिची नमाज झाली, आणि मग कबरीत मोर्जिनाला उजव्या कुशीवर, किबल्याकडं, म्हणजे नमाजाच्या दिशेला, तोंड करून निजवलं. वर चिरे बसवले. तिच्या नवऱ्यानंच खाणीतून काढलेले असतील ते, कोण जाणे. सगळ्यांनी तीन तीन मुठी माती घातली. उस्तादांनी उशाशी मेंदीची फांदी लावली. त्या दिवशी लाईनीतल्या खोलीत सात घरांतून भात आला. शोफिकुलच्या शेजारच्या पोरीनं झाकणं उघडून बघितली आणि म्हणाली, “एवढं कोण खाणार?” तो बऱ्याच वेळानं थोडंसं हसला.

मित्रांनो, त्या एका शुक्रवारानं गाव रातोरात बदललं, असं मी म्हणणार नाही. कमिटीच्या बैठकीत भांडण झालं. एक जण तर म्हणाला, आता खाणीवाल्यांनाच कारभारी करा. अलवी हाजी ताठ तो ताठच राहिला, फक्त दुसऱ्या बाजूनं. त्यानं स्वतः पाटी उतरवली. नव्या पाटीवर इतकंच आहे, की गावच्या हद्दीत ज्याच्या घरी मृत्यू होईल, त्यानं आधी कळवावं, बाकीचं नंतर. कफनाचं कापड, कापूर, साबण, अत्तर असं सगळं घातलेल्या पिशव्या ओसरीवरच्या कपाटात टांगलेल्या असतात. कपाटाला कुलूप नाही.

मडकं पुन्हा सुरू झालं. आता मडक्याऐवजी डबे आहेत. कुणी तांदूळ घालतं, कुणी नाणी, लाईनीतल्या बायका मसूर घालतात. अलवी हाजीच्या घरचा डबा त्याची बायको भरत नाही, तो स्वतः भरतो. रम्ला महिन्यातल्या एका रविवारी मदरशाच्या खोलीत बायकांना मय्यतला नाहू घालायला शिकवते. पहिल्या दिवशी चौघी आल्या होत्या, त्यांतल्या दोघी दारातच उभ्या. आता तेवीस आहेत, आणि नदीपलीकडच्या गावातूनही बोलावणं येतं.

मला पुन्हा ओसरीवर जागा मिळाली. स्टीलची खाट माझ्या शेजारी असते. ती माझी धाकटी बहीण. गच्चीच्या घरांतले अरुंद जिने तिला जमतात. पायवाट आणि उतार माझ्याकडं. वासू वर्षातून एकदा येऊन मला तेल पुसून जातो.

गेल्या वर्षी बिय्यातुम्मा गेली. झोपेतच गेली. रम्लानं तिला नाहू घातलं. कुणालाही शेजारी खुर्चीवर बसून सांगायची गरज पडली नाही. तिची कबर शोफिकुलनं खणली. आमच्या जांभ्यात कबर खणणं सोपं नसतं, पण त्यानं कडा अशा सरळ काढल्या, की वासू बघत राहिला. तिला न्यायला इतके लोक आले, की मला पाच-पाच पावलांवर खांदे बदलावे लागले. तिचं वजन फुलाएवढं होतं. तरी इतकं जपून मला कधी कुणी नेलं नव्हतं.

तेव्हा एक मागणं आहे. तुमच्या गल्लीत कधी कुणी गेलं, तर ते कोणत्या जातीचे, कुठून आले, किती दिवसांचे, हे नंतर विचारा. आधी त्यांच्या दारात जा. एक हंडा पाणी तापत ठेवा, एक डबा भात पाठवा. काय बोलावं ते सुचलं नाही तरी चालेल. आणि माझ्यासारखी एखादी जुनी खाट तुमच्या गावात कुठं कोठीत पडली असेल, मग ती कुणाचीही असो, तिला वर्षातून एकदा उन्हात काढा, तेल लावा, पाय तपासून बघा. कारण मला चार पाय आहेत, मित्रांनो, पण एवढ्या वर्षांत मी स्वतःहून एक पाऊलही चाललेली नाही. जिथं जिथं गेले, तिथं तुमच्याच पायांनी गेले.